हरवलेल्या मुलाकडे पाहणारे डोळे

काही महिन्यांपूर्वी नातेवाइकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर एका मुलाचे छायाचित्र आले. वय दहा वर्षे, अंगात निळा शर्ट, डाव्या भुवईवर व्रण, खाली आईचा म्हणून दिलेला मोबाइल क्रमांक आणि जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची कळकळीची विनंती. मी तो निरोप लगेच तीन गटांवर पाठवला आणि आपल्या कामाला लागलो. संध्याकाळी काहीतरी खटकले म्हणून पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा त्यात तारीखच नाही हे लक्षात आले. त्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडून नुकताच आवाज फुटलेला एक मुलगा बोलला. मी अडखळत कारण सांगितल्यावर तो सरावल्यासारखा म्हणाला, "काका, तो मीच आहे. मी दुसऱ्याच दिवशी सापडलो होतो. आता कॉलेजात जातो." असे फोन अजून अधूनमधून येतात आणि आईला त्यांचा फार त्रास होतो, म्हणून तो क्रमांक आता तोच वापरतो, असेही त्याने सांगितले.

बोलणे दोन मिनिटांत संपले, पण मूल हरवते तेव्हा परक्या माणसाने नेमके काय करावे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. माझी आता अशी खात्री झाली आहे की आपला खरा उपयोग नीट पाहण्यात आणि जे पाहिले ते योग्य ठिकाणी वेळेत सांगण्यात आहे; निरोप पुढे पाठवणे हा त्यातला अगदी लहान भाग आहे, आणि तोही आपण बहुधा चुकीच्या पद्धतीने करतो.

छायाचित्र घरोघरी पोहोचवण्याची कल्पना मोबाइलच्या बरीच आधीची आहे. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमधील ईटन पॅट्झ हा सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या बसथांब्याकडे पहिल्यांदाच एकटा निघाला आणि तेथे पोहोचलाच नाही. वडील व्यावसायिक छायाचित्रकार असल्यामुळे त्याची उत्तम छायाचित्रे उपलब्ध होती आणि ती देशभर पोहोचली. १९८३ पासून २५ मे हा अमेरिकेत हरवलेल्या मुलांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि पुढे इतर अनेक देशांनीही तो स्वीकारला. १९८४ मध्ये आयोवा राज्यातील एका डेअरीने घरोघरी वर्तमानपत्रे टाकणाऱ्या दोन बेपत्ता मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली, आणि पाहता पाहता ही पद्धत देशभर पसरली. ती फार वर्षे टिकली नाही. रोज सकाळी समोर येणाऱ्या चेहऱ्यांना डोळे सरावतात. शिवाय खोके छापून घरी येईपर्यंत घटना जुनी झालेली असे आणि त्या मुलाला कोठे, कोणत्या रस्त्यावर पाहायचे हे वाचणाऱ्याला कळत नसे.

यानंतरचा मोठा बदल एका शेजाऱ्याच्या साक्षीतून झाला. १३ जानेवारी १९९६ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे अँबर हॅगरमन ही नऊ वर्षांची मुलगी सायकल चालवत असताना एका माणसाने तिला उचलून काळ्या पिकअप ट्रकमध्ये घातले. जवळच राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी ते पाहिले आणि पोलिसांना तात्काळ कळवले. त्यांनी साक्षीदाराचे काम चोख केले होते. परंतु त्या वेळी रस्त्यावर असलेल्या हजारो वाहनचालकांपर्यंत "काळा पिकअप ट्रक" हे शब्द नेण्याची कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. चार दिवसांनी मुलीचा मृतदेह सापडला. त्यानंतर स्थानिक रेडिओ केंद्रे आणि पोलीस यांनी मिळून जी पद्धत उभी केली, ती आज अँबर अलर्ट या नावाने ओळखली जाते. ही सूचना प्रत्येक हरवलेल्या मुलासाठी काढत नाहीत. अपहरण झाले आहे असे मानण्यास पोलिसांकडे सबळ कारण हवे, मुलाच्या जिवाला धोका असावा आणि लोकांना ओळखता येईल इतके वर्णन हाती असावे, अशा अटी आहेत. लोकांचे लक्ष ही मोजकी वस्तू आहे, हे ज्यांनी या अटी घातल्या त्यांना नीट कळले होते. आम्हा गटांवरच्या मंडळींना ते अजून कळायचे आहे.

म्हणून आता एखादा निरोप आला की मी आधी तीन गोष्टी पाहतो: मूल केव्हा हरवले, कोठून हरवले आणि तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदवली आहे. यांपैकी एक जरी नसेल तरी पोलिसांच्या किंवा एखाद्या अधिकृत संस्थेच्या पानावर ती नोंद शोधतो आणि सापडलीच तर मूळ पानाचा दुवा पाठवतो. त्याचे चित्र काढून पाठवत नाही, कारण मूल सापडल्यावर मूळ पान बदलता येते, चित्र मात्र वर्षानुवर्षे तसेच फिरत राहते.

खासगी क्रमांक असलेल्या निरोपाबाबत आणखी एक धोका आहे, तो मला पूर्वी कधी सुचलाही नव्हता. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून किंवा सासरच्यांपासून मुलांना घेऊन निघून गेलेली बाई कोठेतरी आसऱ्याला असते, आणि तिचा ठावठिकाणा काढण्यासाठी तोच माणूस मुलांचे हसरे छायाचित्र टाकून "माझी मुले हरवली आहेत" असे लिहितो. त्या छायाचित्राखाली कोणीतरी भाबडेपणाने "यांना काल अमुक चौकात पाहिले" असे लिहून टाकतो. कोणतेही मूल दिसल्याची माहिती जाहीरपणे लिहू नये, ती पोलिसांना किंवा बालकांच्या हेल्पलाइनलाच द्यावी, हा नियम मी त्यामुळे स्वतःपुरता पक्का केला आहे. भारतात ही हेल्पलाइन १०९८ या क्रमांकावर आहे, आणि युरोपातील बहुतेक देशांत हरवलेल्या मुलांसाठी ११६००० हा एकच क्रमांक चालतो.

आता या विषयातील सर्वांत कडवट गोष्ट. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या अपहरणाबद्दल लोकांना जागे करण्यासाठी एक लहानशी चित्रफीत तयार करवून घेतली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, थोड्या वेळाने परत आणून सोडतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतात, अशी ती रचना. कोणीतरी तिचा शेवट कापला. उरलेला भाग खऱ्या अपहरणाचे चित्रीकरण म्हणून भारतभर फिरला. २०१८ साली अशाच अफवांच्या लाटेत अनेक राज्यांत निरपराध माणसे जमावाच्या हातून मारली गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारण्यात आले. मुले वाचवण्यासाठी केलेले चित्र माणसे मारण्याच्या कामी आले, हे वाचल्यापासून "खबरदारी म्हणून पाठवत आहे" असे शब्द दिसले की माझे हात थांबतात. अशा वातावरणाची किंमत मुलांनाही मोजावी लागते, कारण रस्त्यात एकट्या रडणाऱ्या मुलाला "बाळा, काय झाले?" असे विचारायला परका माणूस मग धजावत नाही.

मुळात परक्या माणसाने पळवून नेणे हा प्रकार आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार दुर्मीळ आहे. अमेरिकेत १९९९ सालासाठी केलेल्या राष्ट्रीय अभ्यासात वर्षभरात सुमारे ७ लाख ९७ हजार मुलांची बेपत्ता म्हणून नोंद झाल्याचा अंदाज होता, आणि आपल्या डोळ्यांसमोर येते तसे अपहरण, म्हणजे अनोळखी किंवा जुजबी ओळखीच्या माणसाने खंडणीसाठी, डांबून ठेवण्यासाठी किंवा मारण्यासाठी मूल नेणे, त्या वर्षी सुमारे ११५ मुलांच्या बाबतीत घडले होते. बाकीच्यांत घरातून स्वतःहून निघून गेलेली मुले होती, आई-वडिलांपैकी एकाने दुसऱ्याला न कळवता नेलेली होती, वाट चुकलेली होती, आणि कित्येक तर केवळ निरोपाच्या घोटाळ्यामुळे हरवलेली ठरली होती. एखाद्या देशातील आकडे सगळ्या जगाला लागू होत नाहीत. गरिबी आणि मानवी तस्करी जेथे जास्त तेथील चित्र वेगळे असते. तरीही शोधणाऱ्याने दाढीवाला अनोळखी माणूस शोधत बसू नये, मूल शोधावे, एवढे त्यातून निश्चित समजते.

शेजारचे मूल हरवल्याचे कळते तेव्हा पहिला तास फार मोलाचा असतो. चोवीस तास उलटल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, हा समज कोठून रुजला कोण जाणे, पण तो घातक आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने अशी वाट पाहायला लावण्यास मनाई केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये असे निर्देश दिले की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली आहे असे गृहीत धरून तपास करावा. आई-वडील त्या वेळी भांबावलेले असतात, त्यामुळे कोणीतरी एकाने त्यांच्यासोबत ठाण्यात जाणे आणि बाकीच्यांनी शोधाला लागणे, ही वाटणी शेजाऱ्यांनीच करायची असते.

हा शोध घरापासूनच सुरू करावा, हे ऐकायला विचित्र वाटते, पण अनुभवी शोधपथके आधी घरच पुन्हा तपासतात. लहान मुले पलंगाखाली, कपाटात, कपड्यांच्या ढिगात झोपी जातात. रागावलेली असतील किंवा घाबरलेली असतील तर हाका ऐकूनही ओ देत नाहीत. उभ्या गाड्या, गाड्यांच्या डिक्या, बंद पडलेला फ्रीज, धुलाई यंत्र, पाण्याची टाकी या जागा ज्याने त्याने आपापल्या घरी स्वतः उघडून पाहाव्यात. "आमच्याकडे नाही" असे दारातूनच सांगणे म्हणजे पाहणे नव्हे. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असेल तर एकाने धावत सर्वांत जवळच्या पाण्याकडे जावे, मग ती विहीर असो, तळे असो की पोहण्याचा तलाव. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत स्वमग्न मुलांच्या जवळपास निम्म्या पालकांनी मुलाने वयाची चार वर्षे झाल्यानंतरही किमान एकदा निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते, आणि अशा मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते.

ज्यांच्या दारावर किंवा दुकानावर कॅमेरे आहेत त्यांनी तर कोणी विचारण्याची वाट पाहूच नये. बहुतेक यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, आणि पोलीस येईपर्यंत नेमका हवा तो तास नाहीसा झालेला असतो. तेवढा भाग वेगळा काढून ठेवणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि शंभर फॉरवर्डपेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

शोधाला गेलेल्या माणसांनी पोलिसांना आपली नावे देऊन, नेमून दिलेल्या भागातच फिरावे, नाहीतर एकच मैदान चार वेळा तपासले जाते, ओढ्याची कड तशीच राहते आणि कुत्र्यांना मिळणारा माग तुडवला जातो. मुलाला घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने हाक मारावी आणि प्रत्येक हाकेनंतर अर्धा मिनिट संपूर्ण गप्प राहून कान द्यावा. २००५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील युटा राज्याच्या डोंगरात ११ वर्षांचा एक मुलगा हरवला होता. हजारो लोक त्याला शोधत होते. तो मात्र चार दिवस त्यांच्यापासूनच लपत होता, कारण परक्यांशी बोलायचे नाही ही शिकवण त्याने मनापासून पाळली होती आणि कोणीतरी आपल्याला पळवेल अशी त्याला भीती होती. शेवटी तो एका सामान्य स्वयंसेवकालाच सापडला. आपण मुलांना "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढेच सांगतो. "हरवलास तर कोणत्या अनोळखी माणसाकडे जा" हे वाक्य पुरे करत नाही. गणवेशातील पोलीस, काउंटरमागे बसलेला माणूस किंवा मुले बरोबर असलेली बाई, एवढे तीन पर्याय पाच वर्षांच्या मुलालाही समजतात.

पाहणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे. शर्ट बदलता येतो, टोपी घालता येते, केस कापता येतात. चपला-बूट मात्र घाईत सहसा बदलले जात नाहीत, आणि कानांची ठेवण, चालण्याची ढब, दातांतील फट तर बदलताच येत नाही. संशय आला तर मी मुलाचे बूट पाहतो, बरोबरच्या माणसाची उंची एखाद्या खांबाशी किंवा दाराशी जोखतो, घड्याळ पाहतो, गाडी असेल तर तिचा क्रमांक लगेच लिहून ठेवतो आणि ती कोणत्या दिशेला गेली हे ध्यानात ठेवतो. पाठलाग करणे, त्या माणसाची वाट अडवणे, भोवती गर्दी जमवणे यांपैकी काहीही करायचे नसते. लांबून नजर ठेवून फोन करायचा असतो. अंदाज चुकला तरी पोलिसांनी दोन प्रश्न विचारण्यापलीकडे कोणाचे नुकसान होत नाही. जमाव बोलावला असता तर ते झाले असते.

अशा पाहण्याचे मला सापडलेले सर्वांत चांगले उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. १९९१ मध्ये शाळेला निघालेली ११ वर्षांची एक मुलगी पळवली गेली आणि तिचा काहीच माग लागला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये एक माणूस कार्यक्रमाची परवानगी मागण्यासाठी बर्कली विद्यापीठाच्या कचेरीत आला. तेथील एका महिला कर्मचाऱ्याला त्याचे बोलणे विचित्र वाटले, म्हणून तिने त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आणि आपल्या सहकारी पोलीस महिलेला कल्पना दिली. त्याच्याबरोबर दोन मुली होत्या, पांढऱ्याफटक, काहीतरी पाठ केल्यासारखे बोलणाऱ्या. पोलीस महिलेने त्याची नोंद तपासली, तर तो लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला आणि पॅरोलवर असलेला निघाला. तिने त्याच्या पॅरोल अधिकाऱ्याला फोन करून त्याच्या मुलींविषयी सांगितले, तेव्हा याला मुलीच नाहीत असे उत्तर आले. त्या दोघी अठरा वर्षे डांबून ठेवलेल्या त्या मुलीच्या लेकी होत्या, आणि दोन दिवसांत तिघींची सुटका झाली. या दोन बायकांकडे कोणतेही छायाचित्र नव्हते आणि त्या कोणाला शोधतही नव्हत्या. याच प्रकरणाचा दुसरा भाग मात्र विसरता येत नाही: २००६ मध्ये एका शेजाऱ्याने त्या घराच्या मागे तंबूंत माणसे राहतात अशी तक्रार केली होती, अधिकारी आला, दारातच बोलला आणि मागचे अंगण न पाहता परत गेला. आपण सांगितले आणि काहीच झाले नाही, तर पुन्हा सांगावे, दुसऱ्याला सांगावे आणि केव्हा, कोणाला सांगितले ते लिहून ठेवावे, हे मी त्यातून घेतले.

समजा, एकटे मूल आपल्यालाच सापडले. तेव्हा उकिडवे बसून त्याच्या उंचीवर यावे, त्याचा हात धरून ओढू नये, शक्यतो जागा सोडू नये, आणि दुसऱ्या कोणालातरी पोलीस बोलावण्यास किंवा हेल्पलाइनला फोन करण्यास पाठवावे. ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायचा असेल तर मुलाचे नाव आणि खूण दोन्ही जाहीर करू नये. एक गोष्ट राखून ठेवली तर घ्यायला येणाऱ्याची खातरजमा करता येते. त्याचे छायाचित्र गटावर टाकण्याचा मोह आवरावा. मूल मोठे असेल आणि घरातून पळून आले असेल तर ते का पळाले हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला परस्पर घरच्यांच्या हवाली न करता बालकल्याण यंत्रणेकडे सोपवणे बरे.

आणि मूल जे शब्द बोलेल ते त्याच्याच उच्चारात, आपल्या डोक्याने न सुधारता, लिहून ठेवावेत. सरू ब्रायर्ली हा १९८६ साली वयाच्या पाचव्या वर्षी मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर स्थानकावर भावापासून चुकला आणि रेल्वेने थेट कोलकात्याला पोहोचला. आपले गाव "गिनेस्टले" असे तो सांगत असे. ते कोणालाच कळले नाही. मूळ नाव खंडव्यातील गणेश तलाई होते. त्याचे स्वतःचे नावही शेरू होते, सरू हा त्याचा बालउच्चार. तो ऑस्ट्रेलियातील कुटुंबात दत्तक गेला, मोठा झाला आणि उपग्रहाच्या नकाशांवर रेल्वेमार्ग धुंडाळत, पाण्याची टाकी आणि पूल या लहानपणीच्या खुणांवरून २०१२ मध्ये आईपर्यंत पोहोचला. सव्वीस वर्षे! त्या काळात कोलकात्यात त्याला भेटलेल्या एखाद्या माणसाला निमाडी बोलीचा कान असता तर, असा विचार मनात येतो. बालगृहांतून, ठाण्यांतून असे कितीतरी शब्द नोंदवह्यांत पडून असतात, आणि दूरची बोली जाणणारा माणूस तेथे आठवड्यातून एक तास जरी गेला तरी तो जे उलगडू शकेल ते यंत्रांना उलगडेलच असे नाही.

ज्यांचा शोध वर्षानुवर्षे लागत नाही त्यांच्यासाठी वाढत्या वयाचा अंदाज घेऊन चेहऱ्याची नवी चित्रे तयार करतात. ती पाहताना चित्रातील वय पाहावे, हरवलेल्या तारखेचे वय नव्हे. त्या कुटुंबांना दरवर्षी कोणीतरी "अजून काही कळले का?" असे विचारलेलेही हवे असते, असे अशा पालकांच्या मुलाखतींत मी अनेकदा वाचले आहे; पण लोक संकोचाने विषय टाळतात, आणि मग मुलाचे नाव त्या घराबाहेर कोणीच उच्चारत नाही.

त्या दिवशी फोन ठेवण्यापूर्वी त्या मुलाने मला विचारले, "काका, तुम्ही ज्या गटांवर टाकले तिथे लिहाल का, की मी सापडलो आहे?" मी तिन्ही गटांवर लिहिले, जुना निरोप काढून टाकला आणि तो पुढे पाठवलेल्या प्रत्येकाने काढून टाकावा अशी विनंती केली. दोन गटांत कोणी काही बोलले नाही. तिसऱ्यात एका आजींनी हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि त्याखाली, बहुधा न पाहता, तेच छायाचित्र पुन्हा टाकले. मी आजींना फोन केला.